बाग सुरू करायची तर मे महिन्यात, आणि तीही खानदेशात

यूट्यूबवर परसबागेचे जेवढे व्हिडिओ आहेत ना, त्या सगळ्यांत एकच सांगतात, पहिला पाऊस पडला की सुरुवात करा. करा बापडे. पुण्याकडे, कोकणात चालत असेल तसं. पण तुमची जागा कित्येक वर्षं पडीक असेल आणि ती अमळनेर, पारोळा, धुळे या पट्ट्यात असेल तर जूनमध्ये तुम्ही फक्त गवताची सेवा करताय, कारण पाऊस पडला की काळी जमीन चिकट होते, चपलेला मातीचे गोळे चिकटतात, कुदळ आत जाते पण बाहेर यायला तयार नसते, आणि तोवर हराळी आणि लव्हाळा तुमच्या डोळ्यांदेखत पसरत जातो. आपल्याकडे हे काम करायचं एप्रिल-मेमध्ये. हो, पारा 44-45 वर असतो तेव्हाच. पहाटे उजाडलं की सुरू करायचं, आठ-साडेआठला पावडी टाकून घरी. उरलेलं काम ऊन करतं, आणि मजुरी मागत नाही.

हे मी सांगतेय ते आमच्या खळ्यावरून. माझं सासर बोरी नदीच्या काठचं, राहायला आम्ही अमळनेरला. गावात घराच्या मागे चार गुंठ्यांचं खळं आहे. आताच्या पोरांना खळं म्हणजे काय ते सांगावं लागतं, आमच्या मुलाला वाटायचं क्रिकेटसाठी ठेवलेली मोकळी जागा आहे. ज्वारी-बाजरीची कणसं इथे आणून टाकायची, मधोमध तिवडा म्हणजे लाकडी खांब रोवायचा, त्याला बैल बांधून गोल गोल फिरवायचे, मग वाऱ्यावर उपणायचं. थ्रेशर थेट वावरात यायला लागलं तसं खळ्याचं काम संपलं. काही वर्षं तिथे चारा आणि काड्या रचल्या जायच्या, मग बैल विकले, मग चाराही बंद झाला, आणि जागा वेड्या बाभळीने घेतली.

जागा आमची नाही, हे आधीच सांगते कारण पुढे त्याचा संबंध आहे. वाटणीत ती आप्पांकडे गेली, आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे, आणि त्यांचा मुलगा सुरतला उधन्यात स्थायिक झालाय, आपल्याकडचे अर्धे लोक तिकडेच आहेत म्हणा. त्याला फोन केला तर तो म्हणाला, वापरा वहिनी, पडूनच आहे, फक्त काही कायमचं बांधू नका आणि आंब्यासारखी मोठी झाडं लावू नका, उद्या प्लॉट पाडायचे झाले तर भानगड नको. कागद वगैरे काही नाही, शब्दावर. मला ते चाललं. दुसऱ्याच्या जागेत बाग करायची तर काय लावायचं हे निम्मं तिथेच ठरतं, वर्षाच्या आत हातात येईल तेच लावायचं.

आत काय होतं ते ऐका. मधोमध वेडी बाभूळ, तिची पाच-सहा मोठी झुडपं आणि बारकी किती ते विचारू नका. भिंतीकडेला रुई. गाजर गवत वाळून काड्या झालेलं. जमिनीवर हराळीची जाळी आणि तिच्याखाली लव्हाळा. शिवाय दारूच्या बाटल्या, एका पायाची चप्पल, फुटलेला माठ, आणि कुणाच्या तरी जुन्या टीव्हीचा मागचा डबा, तो तिथे कसा आला देव जाणे. आप्पा ओट्यावरून म्हणाले, "खयामा साप ऱ्हातस पोरी, आधी काठी आपट." ते बरोबर होतं. बाटल्यांच्या ढिगाऱ्यात हात घालायच्या आधी काठी, पायात बूट, आणि ढीग नेहमी आपल्यापासून लांबच्या बाजूला ओढायचा म्हणजे आत कोणी असेल तर तिकडून निघून जाईल.

गावातल्या प्रत्येकाचा सल्ला एकच, जेसीबी लावा, तासाभरात मैदान. मी नाही लावला आणि तुम्हीही लावू नका असं माझं म्हणणं आहे. आमच्याकडे वर हात-दीड हात काळी माती आणि तिच्याखाली चुनखड. जेसीबीचा बकेट बाभळीची मुळी उपटताना ती चुनखड वर आणून ठेवतो आणि चांगली माती ढकलून कुंपणाशी ढीग करतो. मग त्या पांढुरक्या जमिनीत लिंबाची पानं पिवळी का पडली म्हणून कृषी सेवा केंद्रात बाटल्या विकत घेत बसायचं. खळ्याची माती तर सोन्यासारखी असते, इतकी वर्षं बैलांचं शेण-मूत तिथेच पडलेलं. फक्त ती दगडासारखी घट्ट असते, कारण खळं करताना ती मुद्दाम पाणी मारून, ठोकून, सारवून घट्ट केलेली असते. त्यासाठी छोटा ट्रॅक्टर पुरतो. नांगराचा एक उभा फेरा, एक आडवा.

वेड्या बाभळीचं मात्र माणसांनीच करावं लागतं. वरून कापली तर ती चिडते, एका खोडाच्या जागी दहा फांद्या येतात. तिचे डोळे जमिनीच्या जरा खाली, खोड आणि मूळ जिथे मिळतं त्या गाठीत असतात, म्हणून बुंध्याभोवती वीतभर उकरायचं आणि त्या गाठीच्या खालून कुऱ्हाड घालायची. तेवढी गाठ निघाली की बाकी मूळ जमिनीत राहिलं तरी फुटत नाही. आम्ही दोघं आणि गावातला एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, अशा तिघांनी निम्म्या खळ्यातली काढली. उरलेलं निम्मं तसंच ठेवलं, मुद्दाम. एकदम सगळं साफ केलं की सगळं निंदावं पण लागतं, आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या माणसाला चार गुंठे एकदम झेपत नाहीत.

काट्यांच्या फांद्या फेकल्या नाहीत. त्याच रचून चारी बाजूंनी कुपाटी केली. गावात शेळ्या मोकळ्या असतात आणि शेळीला तारेचं कुंपण म्हणजे गंमत वाटते, पण बाभळीच्या काट्यापुढे ती तोंड वळवते. जाड लाकडं चुलीला गेली, आप्पांच्या पाणी तापवायच्या बंबाला पावसाळाभर पुरली.

आता उन्हाचं. लव्हाळ्याला जमिनीखाली काळ्या गाठी असतात, बोराच्या बीएवढ्या, आणि त्या बारीक तारेसारख्या मुळीने एकमेकींना जोडलेल्या असतात, माळेसारख्या. ओल्या जमिनीत तुम्ही खुरप्याने वरचं गवत काढता तेव्हा माळ तुटते आणि झोपलेल्या गाठी एकेक करून जाग्या होतात, म्हणजे निंदलं की लव्हाळा वाढतो, हे ज्याने निंदलंय त्याला माहितीये. पण मेमध्ये नांगरून ढेकळं उलटी केली की त्याच गाठी उन्हात पडतात. आठवडाभरात हातात घेऊन दाबली तर आत काही उरलेलं नसतं, नुसता पोकळ खुळखुळा. मग ढेकळं परत उलटायची, खालची बाजू वर. हराळीचंही तसंच. आमच्या सासूबाई म्हणायच्या जमीन तापली पाहिजे, मला वाटायचं म्हणायची पद्धत आहे.

शंभर टक्के जात नाही, खोलवरच्या गाठी राहतातच. पण शंभरातले वीस येणं आणि शंभरचे दोनशे होणं यात फरक आहे की नाही.

एका वाफ्यावर प्लॅस्टिक पण टाकलं, वांग्याचं रोप टाकायचं होतं तिथे. आधी वाफा नीट बारीक करून भरपूर पाणी द्यायचं, वर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक ताणून टाकायचं, कडा मातीत गाडायच्या, आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. काळं प्लॅस्टिक नको, पारदर्शकच, ऊन आत शिरलं पाहिजे आणि वाफ बाहेर जायला नको. तणाचं बी आणि रोपं कोलमडवणारी बुरशी, दोन्ही शिजतात. दुपारी त्या प्लॅस्टिकच्या आत हात घातला होता एकदा, लगेच काढला.

हे सगळं चालू झालं ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आसपास. आपल्याकडे आखाजीला सालदारांचं वर्ष सुरू होतं, जुने हिशोब मिटतात, नवीन ठरतात. मी उन्हात डोक्याला ओढणी गुंडाळून ढेकळं फोडतेय हे बघून आप्पा ओट्यावरून ओरडले, "सालदार लागनी का वं पोरी? कितला ठरना?" मी म्हटलं, "आप्पा, वर्षाला दोन पोती वांगी." तर म्हणे, "मंग तू मालकले बुडावशी."

मृगाचा पाऊस पडल्यावर सगळ्यात अवघड काम आलं, ते म्हणजे काहीच न करणं. शेजारचे सगळे पेरणीच्या मागे आणि मी बसून. पण गाजर गवताचं बी मातीत इतकं असतं की पहिल्या पावसाला हिरवी चादरच उगवते. ती उगवू द्यायची, दोन-चार पानांवर आली की उथळ खुरपून टाकायची, आणि मग पेरायचं. जास्त खोल खुरपलं तर खालचं नवीन बी वर येतं आणि परत पहिल्यापासून. ज्यांना अंगाला खाज येते त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. ऑगस्टमध्ये उरलेल्या गवतावर मळकट पांढरे, काळ्या रेघांचे भुंगे दिसले तर मारू नका, ते मेक्सिकन भुंगे, 1984 मध्ये बंगळुरूला याच गवतासाठी परदेशातून आणले होते. आमच्या न साफ केलेल्या निम्म्या भागात त्यांनी पानांची चाळणी करून ठेवली होती. सगळं संपवतात असं नाही, पण फुलं कमी येतात.

पाणी हा खरा प्रश्न होता. खळ्यात बोअर नाही आणि मारायची परवानगी तर नाहीच. शेजारच्या जिभाऊंच्या विहिरीवरून लाइट असेल तेव्हा पाईप लावून पाचशे लिटरची टाकी भरायची. टाकी विटांच्या ओट्यावर, कमरेएवढ्या उंचीवर ठेवली आणि तिला ठिबकच्या नळ्या जोडल्या. जळगाव जिल्ह्यात राहून ठिबक नाही लावायचं तर कुठे लावायचं. एवढ्या उंचीवरून दाब कमी मिळतो, त्यामुळे नळ्या लांब नको, छोटे छोटे वाफे केले तर चालतं. फिल्टर मात्र धुवायचा, नाहीतर विहिरीच्या पाण्याने ड्रीपर बुजतात. वाफ्यांवर गव्हाचा भुसा पसरला. त्याने फरक किती पडतो ते सप्टेंबरच्या उन्हात बोट खुपसून बघितलं की कळतं, भुशाखाली गार ओल आणि बाजूला भेगा.

पहिल्या पावसाळ्यात काय लावलं: गवार, चवळी, भेंडी, पोकळा, कुपाटीवर गिलके आणि दोडके. सगळं आलं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, भेंडी तर कोणालाही येते. शेणखत मात्र नीट कुजलेलंच घ्या. उकिरड्यातलं अर्धवट ओलं आणलं की त्याच्यासोबत मुळं खाणारी हुमणी अळी फुकट.

गिलक्यांचं मात्र सांगते कारण ते बघत बसायला मला आवडायचं. गिलके आणि दोडके, दोघांची फुलं पिवळी, पानंही लांबून सारखीच, पण गिलक्याचं फूल पहाटे उमलतं आणि दोडक्याचं संध्याकाळी. म्हणजे सकाळी गेलात तर एका वेलावर भुंगे-माश्यांची गर्दी आणि दुसरा वेल मिटून बसलेला, आणि संध्याकाळी उलटं. नर फुलं घोसाने येतात, मादी एकटी, आणि तिच्या मागे करंगळीएवढं गिलकं आधीच तयार असतं. ते पिवळं पडून गळायला लागलं तर परागीभवन झालं नाही किंवा फळमाशी लागली. फळमाशीचं ओळखायचं तर टोचल्याच्या जागी डिंकासारखा थेंब येतो आणि फळ तिथून वाकडं होतं. वेलवर्गासाठी क्यू ल्यूरचा, म्हणजे वासाने माशीला भुलवणारा, सापळा मिळतो, आंब्या-पेरूवाला वेगळा असतो, दुकानदार कधी कधी तोच हातात देतो, नाव वाचून घ्या.

फळांमध्ये पपई. आंबा, चिकू लावायचा नाही असं ठरलेलं, आणि पपई आठ-नऊ महिन्यांत फळ देते. तैवान 786 ची रोपं आणली. पपईला पाणी लागतं पण बुडाशी पाणी साचलेलं चालत नाही, काळ्या जमिनीत दोन दिवस पाणी तुंबलं तरी खोड सडतं, म्हणून मातीचे उंच ढीग करून त्यावर लावली आणि पाणी ढिगाच्या बाजूने दिलं. काकडीवर्गातले वेल जवळ नकोत, म्हणून गिलके पार दुसऱ्या टोकाला होते. तरी दोन झाडांची पानं शेंड्याकडे आकसली, त्यावर पिवळे-हिरवे चट्टे, देठांवर तेलकट रेघा. व्हायरस. मावा ही बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि त्यावर औषध नाही. माव्यासाठी फवारा, पण लागलेलं झाड बरं होत नाही, ते उपटून बाहेर. जिभाऊ म्हणाले थांब की, फुलावर आलंय. फुलावर आलंय तेच तर दुखतं. उपटलं. बाकीची वाचली.

आणि शेवगा, पीकेएम-1 जातीचा, बी टाकून लावलेला. त्याला काही करावं लागत नाही, उलट तो उंच जाऊ नये म्हणून शेंडा खुडत बसावं लागतं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते. भरताची वांगी. माझी मावशी भालोदची, तिकडच्या वांग्याचं बी तिने पुरचुंडीत बांधून दिलं. बाहेरच्या लोकांना जांभळं वांगं भाजलं की भरीत वाटतं, असू दे. आपलं वांगं पांढुरकं-हिरवट, लांबुळकं, बिया कमी, साल पातळ, भाजल्यावर आतला गर लोण्यासारखा. 2016 मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, केळीसोबतच. भालोद, बामणोद, आसोदा, भादली हा पट्टा त्याचा. तिकडच्या बाया म्हणतात की तापीकाठाबाहेर ती चव येत नाही. माझ्या खळ्यातल्या वांग्याबद्दल मावशीचं मत विचारलं तर ती म्हणाली "बरंय", म्हणजे तिच्या हिशोबाने पास.

रोप त्या प्लॅस्टिकवाल्या वाफ्यात टाकलं, एकही कोलमडलं नाही. पाच-सहा आठवड्यांनी लावणी, अंतर मोठं ठेवायचं कारण झाड पसरतं. मग सुरू होतो अळीचा खेळ. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी, वांगं लावलं आणि ही आली नाही असं होत नाही. आधी ती कोवळ्या शेंड्यात शिरते, सकाळी बघितलं तर सगळं झाड ताठ आणि एकच शेंडा मान टाकलेला. तो शेंडा खाली थोड्या अंतरावरून तोडायचा आणि चिरून बघायचा, आत गुलाबीसर अळी आणि तिने केलेला बोगदा दिसतो. नुसता तोडून बांधावर टाकला तर उपयोग नाही, अळी त्यातून बाहेर येऊन मातीत कोष करते, म्हणून जाळायचा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायचा. शेंड्याच्या वेळी हे काम केलं तर फळाच्या वेळी त्रास निम्मा होतो. सोबत कामगंध सापळे लावले आणि पाच टक्के निंबोळी अर्क मारला, निंबोळ्या गावातल्याच, जून-जुलैत झाडाखाली सडाच असतो, वाळवून ठेवायच्या. तरीही काही फळांना भोक पडलंच. बाजारात नेत नाही म्हणून परवडतं, भोकाचा भाग कापला की बाकी खाता येतं. ज्याला विकायचंय त्याचं गणित वेगळं आहे, त्याने फवारलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

थंडी पडली आणि वांगी सुटली. मग भरीत पार्टी तर होणारच. वांग्याला बारीक टोचे मारायचे, नाहीतर आगीत फुटतं, थोडं तेल चोळायचं आणि कपाशीच्या काड्यांच्या जाळावर टाकायचं. गॅसवर भाजलेलं ते भरीत नाही, एवढं माझं ठाम मत आहे. काडीचा जाळ झटकन पेटतो, साल करपते, धूर आत मुरतो आणि गर शिजेपर्यंत जाळ आपोआप मंद होतो. देठ धरून गरम गरमच साल काढायची, बोटं भाजतातच. मग लाकडाच्या बडगीत टाकून ठेचायचं. हिरवी मिरची आणि लसूण भाजून ठेचलेला, भाजलेले शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि कोथिंबीर ढीगभर, तेलाची फोडणी सढळ हाताने. मसाला नाही, टमाटा तर अजिबात नाही. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, कच्चा कांदा, मुळा. खळ्यातच, टाकीशेजारी सतरंजी टाकून पंचवीस-तीस माणसं जेवली, त्यातली अर्धी न बोलावता आलेली, पण भरिताला कोणी मोजत नाही.

त्यात सुरतवाला दीर पण होता, लग्नासाठी आलेला. दोनदा वाढून घेतलं, मग हात धुवून खळ्याला चक्कर मारली, पपईला लागलेली फळं दाबून बघितली, कुपाटी बघितली, ज्या निम्म्या भागात अजून बाभूळ आहे तिकडे बघून म्हणाला ते पण काढणार का. मी म्हटलं पुढच्या उन्हाळ्यात, तुझी हरकत नसेल तर. त्यावर काही बोलला नाही. कोपऱ्यात मी एक कागदी लिंबाचं रोप लावलंय, साई सरबती, ते खरं तर आमच्या ठरलेल्यात बसत नाही, म्हणून मी ते शेवग्याच्या मागे जरा लपवूनच लावलं होतं. ते त्याला बरोबर दिसलं. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी होती, फुलपाखराची, ती मी उचलून टाकली तोवर तो विचारतो, "वहिनी, याला लिंबं कधी लागतील?"

तीन-चार वर्षं, मी म्हटलं.

"मग उन्हाळ्यात सुरतला एक गोणी पाठवा." म्हणजे तोवर खळं आमच्याकडे, असं मी धरून चाललेय, त्याने तसं स्पष्ट म्हटलेलं नाही. मी पण विचारलं नाही, मावशीला मात्र आणखी बी सांगून ठेवलंय.